ट्रंकेतले ३७ कागद : रविवारच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

गावच्या घराचे पत्रे बदलायला काढले तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली आली. काका म्हणाले, "घेऊन जा साताऱ्याला, तुला हौस आहे." त्यातला 'हौस' हा शब्द जरा टोचला, कारण हौस मला गेली पाच वर्षं आहे. २०१९ साली मोडीचं, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या वळणदार लिपीचं, पुस्तक आणलं, 'ढ'पर्यंत गिरवलं आणि ठेवून दिलं.

आज मोजले. एकूण ३७ कागद. सहांना कसर लागून चाळण झालेली, धरले की चुरा. राहिले ३१. सगळे मोडीत. मला फक्त कडेचे आकडे आणि इंग्रज सरकारचे शिक्के कळतात.

ठरवलं : दिवाळीपर्यंत, म्हणजे १ नोव्हेंबरपर्यंत, ३१ च्या ३१ कागदांचं बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, लिप्यंतर. रोज रात्री साडेनऊ ते दहा दहा, चाळीस मिनिटं. दर रविवारी या वहीत हिशेब. तीन रकाने : किती दिवस ठरवले, किती दिवस केलं, का नाही.

वही मी नोकरी करते त्या पतसंस्थेच्या गेल्या वर्षीच्या डायरीची आहे. नवी आणायची होती, पण मग परत 'वही आणायची आहे' हेच कारण होऊन बसलं असतं.

२८ जानेवारी

१४ पैकी ६ दिवस.

पहिला आठवडा फाँटमध्ये गेला. मोडी २०१४ सालीच युनिकोडमध्ये आली आहे, पण माझ्या लॅपटॉपवर नुसते चौकोन दिसत होते. तीन रात्री ते निस्तरण्यात घालवल्या. अभ्यासाशी त्याचा काय संबंध, हे आता मला कळतंय. ट्रंकेतले कागद टाईप केलेले नाहीत.

वाचून दाखवणारे एक निवृत्त शिक्षक भेटले, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, वाचू नका. आधी लिहा. हाताला कळलं की डोळ्याला कळतं." मोडीत आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, हात न उचलता. बाळबोधीत आपण उलटं करतो, अक्षर आधी आणि रेघ नंतर. माझी रेघ तिसऱ्या इंचापासून चढणीला लागते.

ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. शाळेत शुद्धलेखनाने छळलं त्याचा सूड म्हणून तरी ही लिपी आवडायला हरकत नाही.

१८ फेब्रुवारी

२१ पैकी ८.

'का नाही'च्या रकान्यातून : उशीर झाला. राहून गेलं. वेळ मिळाला नाही. सासूबाईंना दवाखान्यात नेलं. जमलं नाही. लाईट नव्हती. राहून गेलं. राहून गेलं.

मुळाक्षरं ओळखता येतात. जोडाक्षरं नाही. 'व' आणि 'ब' मला अजून एकच दिसतात. 'ध चा मा' एका रात्रीत कसा झाला असेल याचं आता फारसं नवल वाटत नाही. १७७३ सालच्या नारायणरावाच्या खुनाची ती आख्यायिकाच आहे हे मान्य, पण ती रचणाऱ्याला मोडी येत असणार.

३१ मार्च

४२ पैकी ७. लिहायला लाज वाटते म्हणून हा हिशेब सहा आठवडे लांबवला.

मार्चअखेर. आमच्या खात्याला, म्हणजे वसुलीला, याहून वाईट महिना नाही. थकबाकीचं प्रमाण खाली दाखवायचं असतं, त्यामुळे दिवसभर फोन.

परवा एक सभासद काउंटरवर आले. तीन हप्ते थकलेले. म्हणाले, "मॅडम, हप्ता राहून गेला." मी नेहमीचं वाक्य टाकलं. "काका, राहून गेला नाही. तुम्ही भरला नाही." बारा वर्षांत हजारदा बोलले असेन. त्यांनी मान खाली घातली, पाचशे भरले आणि गेले.

रात्री ही वही उघडली.

मग बसून मोजलंच. १५ जानेवारीपासून आजपर्यंत ७७ दिवस. केलं २१, नाही ५६. या ५६ ची कारणं :

राहून गेलं, १४. वेळ मिळाला नाही, ११. जमलं नाही, ९. उशीर झाला, ७. या ४१ वाक्यांत माणूसच नाही. काम आपणहून राहिलं, वेळ आपणहून भेटायला आला नाही. मराठीत ही सोय फार चांगली आहे. ग्लास फुटतो, दूध उतू जातं, आणि कर्त्याला वाक्यात यावंच लागत नाही.

उरलेल्या १५ मध्ये लाईट नव्हती ३, दवाखाना ४, रात्री दहापर्यंत ऑफिस ८. ही खरी. त्यांना हात लावत नाही. घरात आजारी माणूस असताना मोडी गिरवली नाही म्हणून स्वतःला फटके मारणं हा वेगळाच नाटकीपणा झाला असता.

रकान्याचं नाव बदललं. 'का नाही' खोडून 'त्या चाळीस मिनिटांत मी काय केलं'. वाक्य 'मी'ने सुरू करायचं, क्रियापद मी करते ते.

१४ एप्रिल

१४ पैकी ९.

नव्या रकान्यातले पाच दिवस जसेच्या तसे :
मी मोबाईलवर साड्या बघितल्या, घेतली एकही नाही.
मी मालिका बघितली, जिला मी नावं ठेवते.
मी परत मोबाईल.
मी बहिणीशी पाऊण तास बोलले (हे परत करणार, याचा पश्चात्ताप नाही).
मी टेबलाशी बसले आणि उठले, कारण कागद क्र. १ अवघड आहे आणि मला अवघड वाटणं आवडत नाही.

शेवटचं वाक्य लिहायला बराच वेळ लागला. 'उशीर झाला'च्या सात दिवसांतले किती दिवस हेच होतं, कोण जाणे. आता शोधायला गेले तर सापडणार नाही, कारण तेव्हा मी ते लिहिलं नाही.

२८ एप्रिल

कागद क्र. १ पूर्ण!

कर्जाचं खत आहे. मिती वैशाख शुद्ध ३ शके १८१७, मन्मथनाम संवत्सरे. शकात ७८ मिळवले की १८९५. संवत्सराचं नाव जुळतंय का तेही तपासलं, ही नावं दर साठ वर्षांनी परत येतात, २०१५ साली मन्मथ होतं, त्यातून साठी दोनदा वजा. जुळलं.

एका जागी दोन संध्याकाळी अडकले. 'व्याज दरमहा दरशेकडा १॥'. आता मोडीत शब्द तोडला की पुढे दोन दंड देतात. मौजेचं मौ॥, शुद्धचं शु॥, राजश्रीचं रा॥. तेव्हा हाही कुठला तरी तोडलेला शब्द, असं धरून मी शब्द शोधत बसले. एक रुपया आणि काय? एक रुपया चांदी? एक रुपया नगद?

उत्तर चार ओळी वर होतं. रक्कम लिहिताना जुन्या खतात खाडाखोड होऊ नये म्हणून निम्मी रक्कमही लिहीत. इथे : रुपये १२५, निमे ६२॥. सव्वाशेचे निम्मे साडेबासष्ट. म्हणजे ॥ हा अर्धा. व्याज दीड रुपया शेकडा दरमहा. मी रोज व्याज काढते, आणि मला दीड वाचता आला नाही.

वर्षाचे अठरा टक्के होतात. १८७५ साली सुपे गावापासून पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांची खतं जाळली गेली, त्यानंतर १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागला. शेतकऱ्याचं खत गावच्या रजिस्ट्रारापुढे लिहायचं, हेही त्यातच. आमच्या कागदाच्या पाठीवर तशी नोंद आहे. काकांच्या मते या ट्रंकेत 'मोठी जमीन' आहे. पहिल्या कागदात तरी मोठं कर्ज निघालं.

पण मी दोन रात्री जे परत परत वाचते आहे ते खताचं शेपूट. 'सदरहू रुपये मुदतीत बिनतक्रार फेडीन. हे खत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले सही.' खाली 'लिहून देणार' आणि आमच्या खापरपणजोबांचं नाव. पुढे 'निशाणी नांगराची', आणि एक छोटा नांगर काढलेला. ते लिहिता येणारे नव्हतेच, खत दुसऱ्याच्या हातचं आहे, तसं 'बिकलम' म्हणून खाली नोंदलंय. तरी फेडणारा कोण, हे वाक्यात कुठेही सुटलेलं नाही. सावकाराच्या भाषेने ती पळवाट ठेवली नाही, हा भाग वेगळा. त्यांच्या गळ्यात अडकवण्यासाठीच ती भाषा होती. मला ती कोणी अडकवलेली नाही, आणि म्हणूनच मी इतके दिवस सुटत होते.

१६ जून

मध्ये सहा रविवार कोरे. ५ मे ते ९ जून.

मुलीची बारावी संपली, प्रवेश परीक्षा, फॉर्म, दाखले. यातलं खरं किती ते आठवून लिहिलं : जास्तीत जास्त दहा संध्याकाळी. बाकीच्या संध्याकाळी मी 'सध्या मुलीचं चालू आहे' हे वाक्य वापरलं, मुलगी मैत्रिणींबरोबर बाहेर असतानासुद्धा.

आणखी एक कबुली. १२ मे ला मी तीन तास बसून एक्सेलमध्ये तक्ता केला. हिरवे दिवस, लाल दिवस, आठवड्याची सरासरी, वर आलेख. फार सुंदर झाला. त्या दिवशी मोडीचं एक अक्षर वाचलं नाही. स्वतःकडे बघण्यातसुद्धा आळस लपवता येतो, आणि तो आळस मेहनतीसारखा दिसतो म्हणून जास्त वाईट. तक्ता पुसून टाकला. वही बरी, तिच्यात सजवायला जागा नाही.

त्याआधीच्या एका रविवारी पानभर 'मी आळशी आहे, माझ्याच्याने काही होत नाही' असं लिहिलं होतं. ते पानही निरुपयोगी. त्यात 'मी' भरपूर आहे, पण मंगळवारी रात्री साडेनऊला काय करायचं ते कुठेच नाही.

कागद झाले : ४.

७ जुलै

१४ पैकी ११. कागद ८.

टेबल बदललं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचे तिथे चार्जिंगचा पॉइंट होता, म्हणून फोन तिथेच. आता देवघराशेजारच्या कोपऱ्यात पाट आणि उतरतं डेस्क. सासूबाईंना वाटलं मी पोथी वाचते. वाटू दिलं. तेवढ्या वेळात कोणी हाक मारत नाही.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा

पेढे घेऊन गुरुजींकडे. सोबत क्र. ९, ट्रंकेतला सगळ्यात जुना कागद. काकांचा दावा की ही पेशव्यांची सनद. वरचे शब्द मला लागले होते : 'छ ५ रमजान सु॥ सन समान मयातैन व अलफ'.

अरबी आकडे आधी एककापासून. समान ८, मयातैन २००, अलफ १०००. म्हणजे सुहूर सन (त्या काळच्या कागदांतली कालगणना) १२०८. इसवी सन काढायला ५९९ किंवा ६०० मिळवायचे. मी ६०० मिळवून १८०८ लिहून नेलं होतं.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. "सहाशे का?"

"सोपं जातं म्हणून."

"सुहूर सन मृगाला सुरू होतो. जूनपासून डिसेंबरपर्यंत पाचशे नव्याण्णव, जानेवारीनंतर सहाशे. छ म्हणजे चंद्र, रमजानचा पाचवा. त्या वर्षी रमजान कधी आला ते पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. नोव्हेंबरात आला होता. म्हणजे १८०७. एक वर्षाची चूक, आणि ती मला येत नव्हतं म्हणून झालेली नाही. मृगसालाचा नियम माझ्याच वहीत फेब्रुवारीतल्या पानावर आहे. मी पान उलटलं नाही.

आता सनद. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला कागद खरा, पण आहे कडब्याची पावती. दोनशे पेंढ्या पोचल्या. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "नीट वाच." नीट वाचूनच सांगितलं. गुरुजी मात्र खूश. म्हणाले, सनदा सगळे जपतात, कडब्याची पावती दोनशे वर्षं कोण जपतं?

कागद ११.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. घरात अठरा माणसं, मी पहाटे पाच ते पावणेसहा बसले. कागद १७. उरले १४, आठवडे साडेसात. माझा वेग महिन्याला चार कागद. होणार नाही.

हे मला खरं तर ऑगस्टच्या मध्यालाच कळलं होतं. चार रविवार मी वेगाचं गणित मांडलंच नाही, नुसते दिवस मोजत राहिले. २८ पैकी २२, किती छान. दिवस छान, कागद कमी.

आता मुदत वाढवायची. पण कशी, याचा विचार केला. आमच्याकडे एक प्रकार आहे, नवं-जुनं. जुनं कर्ज कागदावर फिटतं, त्याच दिवशी तेवढंच नवं निघतं. खातं नियमित, माणूस तिथेच. मी पाच वर्षं मोडीचं नवं-जुनं करत आले आहे. दर जानेवारीत जुना संकल्प फेडायचा, नवा काढायचा, मुद्दल हलत नाही.

म्हणून वाढ मागणारीने लिहून द्यायचं : किती झालं, किती बाकी, चूक कुठली, पुढची तारीख, आणि ती कशाच्या जोरावर. लिहिलं. माझी चूक : अवघड कागद बाजूला ठेवून सोपे उरकले, त्यामुळे शेवटी सगळे अवघडच साठले. नवी तारीख १५ डिसेंबर. जोर : रविवारी दोन तास जास्त, आणि पुढचा प्रत्येक तिसरा कागद अवघड गठ्ठ्यातला.

६ ऑक्टोबर

गुरुवारी, ३ तारखेला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला. ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर फेटे आणि तुताऱ्या. मी पण एक तुतारी पाठवली. त्या रात्री मी मोडी वाचली नाही. मी तुताऱ्या पाठवल्या. रकान्यात तसंच लिहिलं आहे.

कागद २२. अवघड गठ्ठ्यातला क्र. २२ म्हणजे एका बाईने करून दिलेलं गहाणखत. नाव, पुढे 'कोम', पुढे नवऱ्याचं नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. मग 'लिहून देणार'. आणि खाली 'निशाणी बांगडीची', एक वर्तुळ, पुरतं न जुळलेलं.

आमच्या घरात या पणजीचं नाव कुणालाही माहीत नव्हतं. वंशावळीत तिथे 'पत्नी' लिहिलंय. नाव इथे लिहीत नाही, आधी काकांना आणि आत्याला समोर बसवून सांगायचं आहे. हा कागद मी एप्रिलपासून सहा महिने गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला होता. अक्षर बारीक, शाई उडालेली, म्हणून.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. कागद २६, उरले ५. गेल्या ३५ पैकी २७ दिवस. आठ दिवसांपैकी चार फराळाचे, एक तापाचा, तीन मोबाईलचे.

भाऊबीजेला गावी नाव सांगितलं. आत्या काही बोलली नाही, उठून आत गेली आणि चहा ठेवला. काका म्हणाले, "आणि जमीन?" जमीन गहाण होती, काका. सुटल्याचा कागद अजून सापडलेला नाही. कदाचित त्या कसर लागलेल्या सहांत असेल. त्यांचा चुरा मी वेगळ्या पाकिटात घालून ठेवला आहे, फेकवला नाही.

उद्यापासून क्र. २७. पहिली ओळ लागली, दुसऱ्या ओळीत चौथ्या शब्दाशी अडले आहे. 'व' की 'ब'. गुरुजींना विचारायच्या आधी तो शब्द पन्नास वेळा लिहून बघणार आहे.